दुसरं विमान घेताना: सपाट पोटाचा पंख की सममित?

रेडिओ-रिमोटवर उडणारं शिकाऊ मॉडेल विमान, म्हणजे ट्रेनर, नीट उतरवता यायला लागलं की हात कसरतींसाठी शिवशिवतात. मग आहे त्यावरच भागवायचं की नवं घ्यायचं? मोटर आणि बॅटरी नंतर बघू. आधी पंखाच्या टोकाकडून त्याचा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसेल तो आकार, बघा.

ट्रेनरच्या पंखाचं पोट, म्हणजे खालची बाजू, बहुधा सपाट असते. १९२२ सालचा क्लार्क-वाय हा छेद त्याच घराण्यातला. कमी वेगातही तो भरपूर उचल देतो, म्हणून शिकायला उत्तम. पण वेग वाढला की नाक वर चढतं, त्यामुळे लूप (हवेतलं उभं वर्तुळ) अंड्यासारखा होतो. विमान उलटं केलं की उंची राखायला रिमोटची स्टिक चांगलीच पुढे दाबून धरावी लागते. त्यात भर डायहेड्रलची, म्हणजे टोकांकडे वर उचललेल्या पंखांची. सरळ उडताना विमान स्वतःहून सावरतं ते यामुळेच. उलटं झालं की हाच गुण वैरी होतो. नाइफ एजमध्ये, म्हणजे विमान कडेवर उभं करून उडवताना, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दिला की विमान रोल व्हायला, म्हणजे स्वतःच्या लांबीभोवती फिरायला लागतं, तेही यामुळेच.

सममित छेदाला वर-खाली सारखंच. नाका ००१२ या सममित छेदाच्या नावातला १२ म्हणजे जाडी पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या १२ टक्के. सुलट-उलट दोन्हीकडे विमान जवळपास सारखंच वागतं. किंमत मोजावी लागते ती उतरताना: थ्रॉटल पूर्ण बंद करून तरंगत यायची सवय सोडावी लागते.

अर्धसममित, म्हणजे खालचा बाक वरच्यापेक्षा कमी असलेला छेद, हा मधला मार्ग. वाऱ्यात तो ट्रेनरपेक्षा स्थिर वाटतो, पण कसरतच शिकायची असेल तर मला ती तडजोड वाटते. वर्षभरात पुन्हा खरेदी!

खरी फसगत छेदात नसते, वजनात असते. तोच पंख ठेवून वजन दुप्पट केलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखाची उचल तुटते तो वेग, सुमारे १.४ पट होतो. टोकाकडे खूप निमुळता पंख दिसायला देखणा, पण हळू उडताना टोक आधी स्टॉल होऊन विमान एका बाजूला कोसळू शकतं. एकसारख्या रुंदीचा पंख मुळाशी आधी स्टॉल होतो, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. आखूड पंख रोल झटपट घेतो. नवख्याला तेवढी घाई नको.

उतरताना अजून छातीत धडधडत असेल, तर ट्रेनरच ठेवा. नसेल, तर हलकं, जाडसर सममित छेदाचं, सरळ पंखाचं विमान घ्या आणि पहिली काही उड्डाणं एलेरॉनची, म्हणजे पंखांवरच्या रोल करणाऱ्या झडपांची, हालचाल कमी ठेवून करा.