जहाज बंदरात उभं असतानाच वकील: शिपिंग लॉ फर्मच्या सेवेचा काही महिन्यांचा अनुभव

सुटा माल अख्खं जहाज भाड्याने घेऊन आणणाऱ्या कंपनीत चार्टरिंगचं आणि त्यामागच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. फक्त सागरी कायद्याचं काम करणाऱ्या एका फर्मची सेवा आम्ही गेले बरेच महिने रिटेनरवर, म्हणजे कायमच्या करारावर, घेतो आहोत. अशा वकिलांकडे लोक सहसा जातात ते दावा अंगावर आल्यावर. आम्हाला खरा उपयोग झाला तो जहाज बंदरात उभं असताना, माल उतरत असताना. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी डेमरेज, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ठरलेल्या वेळेपेक्षा (लेटाइमपेक्षा) जहाज जास्त अडकलं तर मालकाला द्यायची रक्कम, कारण रोजची डोकेदुखी तीच. एका सफरीनंतर जहाजमालकाचा हिशोब आला. चार्टर पार्टी, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार, जेनकॉन 1994 या छापील नमुन्याची होती. तिच्यात नोटीस ऑफ रेडिनेस (जहाज तयार असल्याची कॅप्टनची सूचना) दुपारी 12 पर्यंत दिली तर लेटाइम त्याच दिवशी 1 वाजता सुरू होतो. 12 नंतर कार्यालयीन वेळेत दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी 6 ला. कॅप्टनच्या नोटिशीवर वेळ होती 11:50. फर्मच्या वकीलबाईंनी स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स (बंदरातल्या घटनांची वेळवार नोंद) वाचायला घेण्याआधीच विचारलं, "एजंटच्या इनबॉक्समध्ये ईमेल किती वाजता पडला? हेडरसकट पाठवा." तो पडला होता 12 नंतर, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लेटाइमची सुरुवात पुढे सरकली, म्हणजे तो संपण्याची वेळही पुढे सरकली. मालकाच्या हिशोबात डेमरेज चालू असताना पडलेला पाऊस आता लेटाइमच्या आत आला आणि वजा झाला. डेमरेज एकदा सुरू झालं की साधारणपणे पाऊस, सुट्टी काहीच वजा होत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण एका ईमेलच्या वेळेपासून पावसाच्या नोंदीपर्यंतचा धागा इतक्या झटपट जोडणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या एका जहाजाने धक्क्याला लागायच्या आधीच, बाहेर नांगरावरून नोटीस दिली. चार्टर पार्टी बर्थची होती, म्हणजे नोटीस धक्क्याला लागल्यावरच देता येते, त्यामुळे ही नोटीस अवैध. इथे वकीलबाईंनी सांगितलं की माल उतरवायला हात लावण्यापूर्वी लेखी हरकत गेली पाहिजे. कारण 2002 चा 'हॅपी डे' खटला. त्या जहाजाची बंदरात शिरायची समुद्राची भरती हुकली होती आणि नोटीस अशीच वेळेआधी दिली गेली होती. पुढे माल उतरवायला सुमारे तीन महिने लागले. खालच्या कोर्टाने ठरवलं की लेटाइम सुरूच झाला नाही. अपील कोर्टाने ते फिरवलं: हरकत न घेता उतराई सुरू होऊ दिली, तेव्हा तिथून लेटाइम धरायचा. आमची हरकत दोन ओळींची होती आणि क्रेन हलायच्या आत ती एजंटमार्फत कॅप्टनच्या हातात होती.

माल कमी उतरला की अकाउंट्सचा पहिला विचार असतो की भाड्यातूनच कापून घेऊ. वरवर ते रास्त वाटतं. इंग्लिश कायद्यात मात्र फ्रेट (जहाजाचं भाडं) पूर्ण द्यावं लागतं आणि मालाचा दावा वेगळा करावा लागतो. 1977 च्या 'एरीज' निकालात भाडेकरूने अशीच कपात केली होती. मालकाने वर्ष उलटू दिलं आणि मग उरलेल्या भाड्याचा दावा लावला. सागरी मालवाहतुकीच्या हेग नियमांची एक वर्षाची मुदत तोवर गेली होती, त्यामुळे कमी मालाचा दावा बचाव म्हणूनही वापरता आला नाही. ती मुदत गेली की दावा मुळापासून संपतो. वकिलांचं हे एक पानाचं टिपण मी अकाउंट्सला दिलं आणि त्या महिन्यात भाडं पूर्ण गेलं.

दाव्यासाठी मुदतवाढ मागतानाही वकिलांची बारकाई दिसली. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर चढलेल्या मालाच्या पावतीवर) ठळक नाव असतं चार्टररचं, सही मात्र असते "कॅप्टनच्या वतीने". मग वाहक कोण, म्हणजे मुदतवाढ मागायची कोणाकडे? 2003 च्या 'स्टारसिन' निकालानुसार पुढच्या बाजूची सही मागच्या बारीक छापाला भारी पडते. एवढ्यावर न थांबता त्यांनी नोंदणीकृत मालक आणि जहाज बेअरबोटवर (खलाशांशिवाय भाड्याने घेऊन) चालवणारी कंपनी, दोघांकडून लेखी मुदतवाढ घेतली. पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांच्या परस्पर विमा संघाचा) होकार आला तेव्हा तो नेमका कोणाच्या वतीने आहे, हेही ईमेलवर स्पष्ट करून घेतलं.

लेटर ऑफ इंडेम्निटीबद्दल, म्हणजे भरपाईची हमी देणाऱ्या पत्राबद्दल, थोडं सांगतो. मूळ बिल ऑफ लेडिंग बँकेतून यायच्या आत जहाज पोचतं, त्याशिवाय माल द्यायचा तर मालक हे पत्र मागतो आणि बरेच जण छापील फॉर्मवर सही करून मोकळे होतात. क्लबच्या प्रमाणित मसुद्यात रकमेला मर्यादा नसते, आणि जहाज अटकेत गेलं तर सुटकेसाठी तारण देण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. आमची फर्म दर वेळी मूळ बिलं परत जाईपर्यंत मागे लागते, कारण ती मालकाच्या हाती पडली की त्या पत्राखालची जबाबदारी संपते. आता या पत्रांसाठी माझ्याकडे वेगळी नोंदवही आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वकिलांच्या फीचं बिल दर सहा मिनिटांच्या हिशोबाने होतं, आणि एकाच कॉलवर ज्येष्ठ-कनिष्ठ दोघे बसले की दोघांचं होतं. साध्या प्रश्नाला कधी कधी लांबलचक मत येतं. मला हवं असतं एवढंच, की आज संध्याकाळी कॅप्टनला काय लिहू? रात्री उत्तर मिळतं, पण ते देणारी व्यक्ती प्रकरण माहीत असलेली असेलच असं नाही. छोट्या दाव्यात लंडनच्या पूर्ण लवादाचा खर्च दाव्यालाच खाऊन टाकतो. तिथे एल.एम.ए.ए.ची (लंडन मॅरिटाइम आर्बिट्रेटर्स असोसिएशनची) स्मॉल क्लेम्स पद्धत बरी पडते: एकच लवाद, ठरलेली फी. मात्र अपिलाचा मार्ग बंद असतो. हा पर्याय त्यांनी स्वतःहून आधी सुचवायला हवा होता. आम्ही विचारल्यावर तो पुढे आला.

वर्षाला एखादंच जहाज घेणाऱ्याने रिटेनरच्या फंदात पडू नये, प्रकरणागणिक वकील घ्यावा. हाती सतत जहाजं असतील तर मात्र रिटेनर घ्यावा. आम्ही करार पुढे चालू ठेवला आहे, दोन अटी घालून: कोणतंही काम हातात घेण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी यायला हवा, आणि आमच्या प्रत्येक दाव्याची मुदत त्यांच्याही डायरीत असायला हवी. दोन्ही त्यांनी मान्य केल्या आहेत.