घरच्या बड्डेला एलईडी रोबोट बोलावला (लातूर) – ५ पैकी ३ स्टार

आमच्या लेकराचा चौथा बड्डे एप्रिलात झाला, त्याला सध्या रोबोटशिवाय काही सुचतच नाही म्हणून घरीच रोबोट थीम करायचं ठरलं. वरातीपुढं नाचतो ना तो एलईडी रोबोट, तोच बोलवू ही आयडिया माझ्या दिराची. सर्विसवाल्यांचं नाव टाकत नाही, पोरं कष्टाची आहेत, पण कुणी बोलवणार असाल तर आधी वाचा.

फोनवर मी दोन गोष्टी विचारल्याच नाहीत. एक उंची. आतला माणूस पायाला उंच स्टँड बांधून उभा असतो, वर ते हेल्मेट, सगळं धरून ८ फुटाच्या आसपास जातं. आमच्या हॉलचा स्लॅब साडेनऊ, त्यात पंखा खाली लोंबायला, म्हणजे रोबोट आत आला की पहिलं काम पंखा बंद. एप्रिलमधे, लातुरात, हॉलमधे वीस लेकरं! दुसरी गोष्ट ती धुराची गन. त्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर असतो, हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, आणि खाली कोण तर लेकरं. बंद खोलीत हे नकोच. मी नको म्हणलं तर ऐकले बिचारे, पण पॅकेज ३५०० चं, गन सकट, त्यातला रुपया कमी केला नाही.

टाइम ६ चा दिला होता, आले सव्वासातला. आधी कुठं तरी हळदीचा कार्यक्रम होता म्हणे. तोवर केक घाम सुटल्यासारखा झालेला, फ्रेश क्रीमचा रोबोट उन्हाळ्यात सांगूच नका कुणी.

आणि एंट्री झाली की बड्डे बॉयच आजीच्या पदरात शिरला. अर्धी लेकरं रडायलीत, अर्धी दिवाणाखाली. मी तर डोक्याला हात लावला. शेवटी सासूबाईच म्हणल्या, "आरं लेकरा, काढ की ते डोक्यावरचं, पाणी पी आधी." हेल्मेट काढलं तर आत एकोणीस-वीस वर्षाचं पोरगं, केसातनं पाणी गळायलंय. कूलरपुढं बसवलं त्याला. दीर तेवढ्यात ज्ञान पाजळायला लागले की रोबोट हा शब्दच १९२० च्या एका चेक नाटकातनं आलाय आणि मूळ अर्थ वेठबिगारी. त्या पोरानं ऐकलं आणि हसला, "बरोबरै भाऊ."

इथनं खरी पार्टी सुरू झाली बघा. लेकरं एकेक करून जवळ आली, हे बटन कशाचं, शू कुठनं करतो, घरी पण असाच राहतो का. त्यानं सूटची बॅटरी दाखवली, रिमोट हातात दिला, लाल-निळे लाइट दाबू दिले. वीस मिनिटं. मग सगळे गच्चीवर, तिथं परत हेल्मेट घालून नाचला तर एक लेकरू रडलं नाही. तीन स्टार त्या पोराला आहेत, सर्विसला विचाराल तर दीडच.

बाकी तयारी गंजगोलाईत, म्हणजे आमच्या लातूरच्या गोल बाजारपेठेत झाली, तिथले सोळा रस्ते फिरायची गरज पडली नाही, दोन दुकानांत चंदेरी कागद आणि फॉइलचे फुगे मिळाले. छोटे अक्षरांचे फुगे हवेत तरंगत नाहीत, नुसती हवा भरून चिकटवायचे असतात, हे मला भिंतीला टेप लावताना कळलं. कूलरच्या रिकाम्या खोक्याला तोच कागद लावून एक रोबोट घरीच केला होता, त्यात घुसायला लेकरांची लाइन.

रिटर्न गिफ्टला लाइटच्या अंगठ्या दाखवत होता दुकानदार, "ताई, लई चालायल्यात." मी घेतल्या नाहीत. त्यात बटन सेल असतो, एखाद्यानं गिळला तर दोन तासात अन्ननलिका भाजू शकते. खडूचे डबे दिले.

जेवायला निलंगा राईस, एक दाणा उरला नाही.

आणि हो, पेपर ब्लास्टर घरात फोडू देऊ नका. महिना झाला, कूलरच्या जाळीतनं अजून चंदेरी कागद निघायलेत.