शेवाळाचं औषध म्हणून मला मोरचूद विकलं

मासे जिवंत आहेत म्हणजे औषध सेफ आहे, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मी ऐकलं आणि घरातला दीड वर्षाचा खाऱ्या पाण्याचा, समुद्री माशांचा टँक चार दिवसात गेला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी भुसावळची. आमच्याकडे समुद्र नाही, तापी आहे, ती पार सुरतजवळ जाऊन समुद्राला मिळते. तरी मला हा समुद्री टँकचा नाद लागला. दोन फुटी टँक, साधारण ९० लिटर पाणी, दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), सहा टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी), थोडे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे), झोआ आणि मशरूम या मऊ कोरलचे, म्हणजे प्रवाळांचे, चार-पाच तुकडे. हार्ड कोरल मी ठेवत नाही, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहेत, वाघाच्या बरोबरीने. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना टँक २६ वर ठेवायचा म्हणजे फॅन लावायचे, फॅनमुळे पाणी उडतं ते रोज भरायचं, लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, म्हणजे टँकचं पाणी हलतं ठेवणारा पंप, आणि मग आपला पंखा. पण झोआ उघडलेले बघितले की सगळं वसूल व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात घरचं आरओ बिघडलं आणि मी पाण्याचे जार आणायला लागले. जारवाला म्हणे आरओचंच आहे, मी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला नाही, ही माझी चूक. नंतर मोजला तर १४०. मीठ घालायच्या आधी ते पाणी शून्याच्या जवळ हवं, कारण उडालेल्या पाण्याच्या जागी रोज तेच भरत राहिलं की त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट जे काय असेल ते टँकमध्ये साठत जातं आणि शेवाळाला ते खतच. त्यात मुलगी लाडाने माशांना दोनदा-तीनदा खायला टाकायची आणि मी लाईट दहा-दहा तास चालू ठेवायचे. तीन आठवड्यात दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ, हेअर अल्गी, इतकं की खालचा दगड दिसेना, झोआ त्याच्यात गुदमरायला लागले.

मी ज्याच्याकडून मासे मागवायचे त्या मुंबईच्या विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटात फोन. "ताई टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे इम्पोर्टेड औषध आहे, शंभर टक्के रीफ सेफ, तीन दिवसात टँक काच." रीफ सेफ म्हणजे कोरल, श्रिंप, स्नेल यांनाही निर्धोक. पाण्याचं विचारलं तर म्हणे जारचं चालतं, सगळे तेच वापरतात. १,४५० रुपये यूपीआयने पाठवले, दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅव्हल्सच्या गाडीने बाटली आली. १०० मिलीची साधी प्लास्टिकची बाटली, लेबल नाही, आतलं पाणी फिकट निळं. मी विचारलं लेबल कुठंय, तर म्हणे मोठ्या कॅनमधून काढून देतो म्हणून स्वस्त पडतं तुम्हाला. रोज १० मिली, तीन दिवस, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि कार्बन (पाणी गाळणारा कोळसा) बंद. हे कार्बन बंद करायचं खऱ्या औषधांनाही सांगतात, नाहीतर कार्बन औषध ओढून घेतो, त्यामुळे मला उलट विश्वासच वाटला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शेवाळ फिकं पडलं, मला इतका आनंद झाला की मी त्याला फोटो पाठवून थँक्यू म्हटलं. रात्री बघते तर तीन टर्बो काचेवरून खाली पडलेले, पाय बाहेर लोंबलेला. तो म्हणे शेवाळ मरतंय त्याने त्यांना सुस्ती येते, उद्या उठतील. दुसऱ्या दिवशी श्रिंप आडवा. तो म्हणे ताई ती कात आहे, श्रिंप कात टाकतो. हे मात्र नीट लक्षात ठेवा, टाकलेली कात पोकळ आणि आरपार दिसते, मेलेला श्रिंप शिजल्यासारखा गुलाबी-पांढरा आणि भरीव असतो. माझा भरीव होता, मला हातात घेतल्यावर कळलं. तरी मी त्याला म्हटलं, काहीतरी गडबड आहे, तर त्याचं ठरलेलं उत्तर, "औषधात विष असतं तर मासे नसते का मेले?" आणि दोन्ही क्लाऊनफिश खरंच मजेत फिरत होते. मी तिसरा डोस टाकला.

चौथ्या दिवशी एकही स्नेल, एकही हर्मिट शिल्लक नव्हता. झोआ मिटले ते उघडलेच नाहीत. मेलेलं शेवाळ दगडावर सडत होतं, पाण्याला वास यायला लागला, अमोनिया चढला. आणि त्या माणसाने मला काय सांगितलं तर आता टँक क्लीन झालाय, नवीन क्लिनअप क्रू, म्हणजे शेवाळ खाणारे स्नेल वगैरे, टाका, नाहीतर शेवाळ परत येईल. अजून २,६०० रुपये. दहा स्नेल आले, एका दिवसात दहाही गेले. माझा खरा राग या दहांचा आहे. पहिल्या वेळी त्याला कळलं नसेल असं एकवेळ समजून घेतलं असतं, पण व्हिडिओत सगळं दिसत असताना त्याच पाण्यात टाकायला परत जीव विकणं म्हणजे काय.

त्याच आठवड्यात भडगावकडचे मामा आले होते, त्यांची लिंबाची बाग आहे. ओट्यावर ती बाटली बघितली आणि लगेच म्हणाले, "हाई ते मोरचूद शे ना माय!" बोर्डो मिश्रण करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, रंग ओळखायला वेळ लागला नाही. मला पटेना. मग मुलगी, दहावीला आहे, तिने घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा वाटीत उरलेल्या औषधात टाकला, पुस्तकातला विस्थापन अभिक्रियेचा प्रयोग. दोन-तीन तासांत खिळ्यावर तांबूस थर. मी तिथेच खाली बसले.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. कॉपरने शेवाळ मरतं हे खरं आहे. पण स्नेल, श्रिंप, खेकडे, कोरल हे सगळे त्याच्याआधी मरतात, अगदी थोड्या कॉपरने. मासे बऱ्यापैकी सहन करतात, इतकं की मरीन इक, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणारा माशांचा रोग, झाला तर वेगळ्या टाकीत माशांना मोजून कॉपरच देतात. त्याचं "मासे नसते का मेले" हे इथून आलं होतं, आणि हा धंदा करणाऱ्याला हे माहिती नसेल यावर माझा विश्वास नाही.

कॉपरचं टेस्ट किट मागवलं, ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, आलं. तेही दगड आणि वाळूने बरंचसं ओढून घेतल्यावरचं. चार वेळा पाणी बदललं, कार्बन टाकला, कॉपर ओढणारं रेझिन टाकलं, आकडा खाली यायचा आणि आठवड्याने परत थोडा दिसायचा, कारण दगड ते हळूहळू सोडतो. शेवटी दगड आणि वाळू दोन्ही काढून टाकलं. दीड वर्ष वाढवलेला लाईव्ह रॉक, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू वाढलेला दगड, होता तो.

त्याला फोन केला तर आधी म्हणे बिल दाखवा, बिल त्याने कधी दिलंच नव्हतं, आणि मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय, यूपीआयची पावती, चॅट, व्हिडिओ सगळं जपून ठेवलंय, बाटलीत उरलेलं औषधही. पैसे अजून आले नाहीत. तुम्ही कोणाकडून काही मागवत असाल तर चॅट डिलीट करू नका आणि १०० रुपयाच्या वस्तूचंही बिल मागा. ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ती टँकजवळही नेऊ नका. खिळ्यावर काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, काही औषधांत कॉपर अशा रूपात असतं की ते खिळ्यावर दिसत नाही, टेस्ट किटच लावा.

शेवाळासाठी आता काय करते तर आरओला डीआय, म्हणजे उरलेले क्षारही काढणारा फिल्टर, जोडलंय, टीडीएस शून्य आल्याशिवाय थेंब घालत नाही. लाईट सात तास. फ्रोझन खाऊ गाळणीत धुऊन, दिवसातून एकदाच. दर रविवारी १० लिटर पाणी बदलते आणि जे उगवलंय ते जुन्या टूथब्रशने खरवडून पाइपने ओढून घेते. कंटाळवाणं काम आहे, दोन महिने लागतात.

नवीन दगडावर सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, सहा आठवडे गेले, तोवर क्लाऊनफिश बाजूच्या छोट्या टाकीत होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, कॉपर सलग तीन आठवडे शून्य. मागच्या रविवारी घाबरत घाबरत एकच टर्बो सोडला, रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. आज चौथा दिवस आहे, सकाळी काचेवर त्याच्या चरण्याची नागमोडी रेघ दिसली.