सेपिलोकचं सन बेअर सेंटर, घाईत बघू नका

मलेशियात, बोर्नियो बेटावरच्या सबाह राज्यात सेपिलोकला जाणारे बहुतेक लोक ओरांगउटान बघायला जातात आणि वेळ उरलाच तर शेजारच्या बोर्नियन सन बेअर कन्झर्व्हेशन सेंटरला (सन बेअर ही अस्वलाची एक जात) एक चक्कर मारतात, आमचाही तोच प्लॅन होता, पण जास्त वेळ इथंच गेला. वन्यजीव संशोधक वाँग सिउ ते यांनी २००८ मध्ये हे सुरू केलं, लोकांसाठी २०१४ मध्ये उघडलं.

हे झू नाहीये हे आधी डोक्यात घ्या. विजेच्या कुंपणाच्या आत खरंखुरं जंगल आहे आणि आपण उंच प्लॅटफॉर्मवरून बघायचं, त्यामुळे अस्वल लगेच दिसेलच असं नाही. पहिली वीस मिनिटं नुसती झाडं बघितली, काही जण कंटाळून निघून गेले. मग एक अस्वल सरसर खोडावर चढताना दिसलं, छातीवर तो पिवळसर पट्टा, जो प्रत्येकाचा वेगळा असतो. जगातली सगळ्यात लहान अस्वलाची जात, पण नखं बघा, कुजलेलं लाकूड फोडून वाळवी खातात, आणि मधासाठी जीभ वीस-पंचवीस सेंटीमीटर बाहेर काढतात!

इथली बरीचशी अस्वलं पिल्लू असताना आईला मारून पकडलेली, कोणाच्या तरी घरी पिंजऱ्यात वाढलेली. वर्षानुवर्षं सिमेंटवर राहिल्यामुळे काहींना मातीवर पाय ठेवायचीच भीती वाटते, दार उघडं असलं तरी बाहेर येत नाहीत, त्यांना कोणी ओढत नाही, स्टाफ दिवसचे दिवस वाट बघतो. हे ऐकल्यावर मला त्या वीस मिनिटांची लाज वाटली. एक अस्वल एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालत होतं, पिंजऱ्यातल्या सवयी अशा सहज सुटत नाहीत, ते बघवत नव्हतं.

सगळ्यांना परत जंगलात सोडता येत नाही. माणसाची सवय झालेलं अस्वल बाहेर गेलं की गावाकडे येतं, आणि पित्तासाठी, पंजांसाठी शिकार चालूच आहे, वर जंगलं तोडून पाम तेलाची लागवड. तरी २०१५ मध्ये इथल्या नॅटली नावाच्या मादीला ताबिन अभयारण्यात सोडलं, म्हणजे जमतं.

सोय चांगली आहे, टेलिस्कोप लावलेले असतात, स्टाफ विचारलं की मनापासून सांगतो. दमट हवा आणि पाऊस मात्र धरूनच चाला, रेनकोट न्या. निदान दोन तास ठेवा आणि प्लॅटफॉर्मवर मोठ्याने बोलू नका, आमच्या शेजारच्या ग्रुपच्या आरडाओरड्याने खाली आलेलं अस्वल परत झाडावर गेलं.