टिश्यूची केळी रोपं : लॅबला पैकीच्या पैकी, नर्सरी काठावर पास

यंदाच्या मृगबागेसाठी तालुक्यातल्या एका नर्सरीतून जी-नाइन या केळीच्या जातीची टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, रोपं घेतली. दर 17 रुपये, गाडीभाडं वेगळं.

रोपाला नाव ठेवायला जागा नाही. पिशवी फाडून पाहिली तर मुळं पांढरीशुभ्र, मातीचा गोळा न फुटता हातात आला, पानं पाच-सहा. कंद लावायचो तेव्हा निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, रेंगाळायची नि व्यापारी चकरा मारून वैतागायचा. टिश्यूची बाग बरीचशी एकदम निसवते, कटाईही लवकर आटोपते. त्यापुढे 17 रुपये जड नाहीत.

खरा मुद्दा हरण्याचा, म्हणजे सीएमव्ही या विषाणूने केळीला होणाऱ्या रोगाचा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 2006 पासून टिश्यू रोपांसाठी प्रमाणन योजना आहे. त्यात मातृझाड आणि रोपांची बॅच एलायझा, पीसीआर या लॅबमधल्या चाचण्या लावून विषाणूंसाठी तपासतात. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या पानातलाही विषाणू पीसीआर पकडतो. मी बॅचचं लेबल मागितलं, तर "दादा, सगळा माल सर्टिफाइड आहे" म्हणत मोबाइलवर भलत्याच बॅचचा फोटो दाखवला. अडून बसलो तेव्हा लेबल निघालं.

पण तपासणी झाली त्या दिवसापुरतीच ती खरी. रोपं पुढे कितीतरी आठवडे शेडनेटमध्ये असतात. इथल्या नेटला कोपऱ्यात हात जाईल एवढं भगदाड, आणि कुंपणावर गिलक्याचा वेल! वेलवर्गीय पिकं हरण्याची आवडती वस्ती. मावा (रस शोषणारी कीड) वेलावर सोंड खुपसतो, उडून रोपावर बसतो, आणि मिनिटभरात रोग पोचवतो. फवारणीने तो मरायच्या आतच रोग पोचलेला असतो.

वर मालक म्हणे, "ऑस्ट्रेलियात रोगच येत नाही अशी केळी निघालीय, आपल्याकडेही येईल." तिथे 2024 मध्ये क्यूसीएव्ही-4 या केळीच्या जातीला मंजुरी मिळाली, हे खरं. जेम्स डेल यांच्या चमूने रानकेळीतलं जनुक कॅव्हेंडिश केळीमध्ये घातलंय. पण ती जात पनामा मर रोगासाठी, तो बुरशीचा. हरण्याला तिचा काय उपयोग? शिवाय ती भारतात मिळत नाही. गिऱ्हाइकाला असं भुलवू नये.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला थोडी रोपं जादा दिली, तीही न मागता. घ्यायची तर खुशाल घ्या, मात्र पैसे देण्याआधी नेटमध्ये जाऊन पानांची खालची बाजू उलटून मावा आहे का बघा, आणि गाडी सकाळीच मागवा. दुपारच्या उघड्या ट्रॉलीत रोपं माना टाकतात.