ट्रेल कॅमेऱ्याने लांडगा आणि हरीण मोजता येतात का? धुळ्याच्या माळावरील वापरानंतरचा अनुभव

ट्रेल कॅमेरा, म्हणजे रानात बांधून ठेवला की समोरून जनावर गेल्यावर आपोआप चित्र घेणारा कॅमेरा, विकत घेणाऱ्याची अपेक्षा बहुधा अशी असते की महिन्या-दीड महिन्याने कार्ड काढावे, चित्रे मोजावीत आणि आपल्या शिवारात हरणे किती व लांडगे किती हे कळावे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस लावलेले आणि आता मे महिन्याच्या उन्हातही चालू असलेले कॅमेरे वापरून माझे मत असे झाले आहे की हे यंत्र घेण्यासारखे जरूर आहे, परंतु त्याने काढलेल्या चित्रांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे. लांडगा आणि त्याचे भक्ष्य यांची तुलना करायची असेल, तर हा फरक विसरणाऱ्याने कॅमेऱ्यावर पैसे खर्च करू नयेत.

माझे चार कॅमेरे धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंगच्या डोंगरापलीकडच्या माळावर, नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत आहेत. गावांची नावे जाणूनबुजून देत नाही, कारण लांडग्याचा ठावठिकाणा जाहीर केल्याने त्याचे भले झाल्याचे ऐकिवात नाही. राखीव वनात किंवा यावल, अनेर यांसारख्या अभयारण्यांत वन विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मालकीच्या जमिनीतही शेताच्या मालकाची आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याची आधी संमती घेतलेली बरी. कॅमेरे मध्यम किमतीचे आहेत. आठ सेल, एसडी कार्ड, रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश, आणि उष्णता व हालचाल एकत्र टिपणारा पीआयआर सेन्सर. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश जास्त लांब पोहोचतो, पण चालू असताना त्याचे दिवे मंद लाल दिसतात. जनावर त्याकडे बघते आणि येणारा-जाणारा माणूसही बघतो, म्हणून पल्ला कमी असला तरी मी अदृश्य प्रकाशच निवडला.

या यंत्राचा सगळा खेळ सेन्सरवर आहे. पीआयआर सेन्सर जनावर पाहत नाही. समोरच्या पट्ट्यापट्ट्यांत विभागलेल्या क्षेत्रातून आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही सरकले, तर तो कॅमेऱ्याला जागे करतो. उत्तरेकडच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेसारख्या प्रदेशांतल्या थंड जंगलात, जिथे जमीन गोठलेली आणि जनावराचे अंग गरम असते, तिथे हा फरक ठळक असतो. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हेच यंत्र अप्रतिम चालते. बांधावरून गेलेला ससासुद्धा सुटत नाही. एप्रिल लागला की चित्र पालटते. दुपारी माळाची जमीन जनावराच्या अंगापेक्षा कितीतरी अधिक तापते, तेव्हा जनावर हेच आजूबाजूपेक्षा थंड ठरते आणि सेन्सर त्या उलट्या फरकावरही चालतो, हे अनेकांना ठाऊक नसते. खरी अडचण सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी जमीन निवताना येते, कारण त्या वेळी जमिनीचे आणि जनावराच्या अंगाचे तापमान जवळजवळ सारखे होते आणि सेन्सर अक्षरशः आंधळा होतो. दुर्दैवाने चिंकारा आणि नीलगाय पाण्याकडे जाण्याच्या वेळाही पुष्कळदा याच असतात. त्यामुळे मे महिन्यात हरणांची चित्रे घटली म्हणून हरणे घटली, असा निष्कर्ष काढणारा माणूस प्रत्यक्षात सेन्सरची मर्यादा मोजत असतो.

यावर मला जो उपाय उपयोगी पडला तो बहुतेक कॅमेऱ्यांत आधीपासूनच असतो, फक्त कोणी वापरत नाही. टाइम-लॅप्स चालू केले की सेन्सरला विचारल्याशिवाय कॅमेरा ठरावीक अंतराने चित्र घेत राहतो. उन्हाळ्यात दिवसा दर दहा मिनिटांनी एक चित्र आणि रात्री सेन्सर, अशी मांडणी मी पाणवठ्याजवळच्या कॅमेऱ्यावर ठेवली आहे. चित्रांपैकी फारच मोठा भाग रिकाम्या माळाचा निघतो, सेल लवकर उतरतात, पण जे दिसते ते तापमानाच्या खोड्यांपासून मुक्त असते. अमेरिकेतील आयडाहो राज्याने लांडग्यांची गणना करताना ठरावीक क्षणांच्या अशाच चित्रांचा आधार घेतला. त्या पद्धतीने २०१९ च्या उन्हाळ्यासाठी त्यांनी १,५६६ लांडग्यांचा अंदाज जाहीर केला. अर्थात त्यामागे राज्यभर पसरलेले शेकडो कॅमेरे आणि संख्याशास्त्रज्ञ होते. चार कॅमेऱ्यांच्या मालकाने तसा आकडा काढायला बसू नये.

आता तुलनेचा मुद्दा, ज्यासाठी मी हा खटाटोप केला. वाघाची गणना कॅमेऱ्याने होते, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि तोच वाघ पुन्हा आला हे ओळखता येते. वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात केलेले आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेले काम त्यावरच उभे आहे. लांडग्याला पट्टे नाहीत, चिंकाऱ्याला ठिपके नाहीत. एका रात्री तीन वेळा दिसलेला लांडगा एकच की तीन, हे चित्र सांगत नाही. २००८ साली प्राणी-अभ्यासक मार्कस रोक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळख न पटणाऱ्या जनावरांसाठी एक सूत्र मांडले, ज्याचा गाभा असा की चित्रांची संख्या ही जनावरांची दाटी, त्यांची रोजची चाल आणि कॅमेऱ्याचे क्षेत्र या तिन्हींवर अवलंबून असते. हे एकदा समजले की कच्च्या आकड्यांची तुलना किती फसवी आहे ते उमगते. समजा, लांडगा रात्रीत वीस किलोमीटर हिंडतो आणि चिंकारा चार किलोमीटर, आणि दोघांची चित्रे सारखीच आली, तर कॅमेऱ्याचे क्षेत्र दोघांसाठी सारखे धरल्यास चिंकारे लांडग्यांच्या पाचपट आहेत असा अर्थ होतो, बरोबरीने आहेत असा नव्हे.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. दोनशे किलोंच्या घरातला नीलगायीचा नर सेन्सरला जितक्या लांबून जाणवतो, तितक्या लांबून वीसेक किलोंचा चिंकारा किंवा लांडगा जाणवत नाही. म्हणजे त्याच कॅमेऱ्याचे क्षेत्र प्रत्येक जातीसाठी वेगळे असते. हे मी खांबापासून ठरावीक अंतरांवर दगड मांडून आणि चित्रांत जनावर कोणत्या दगडाजवळ टिपले गेले ते पाहून पडताळले, आणि फरक डोळ्यांत भरण्याइतका निघाला. दुसरी गोष्ट जागेची. लांडगा गाडवाटेने आणि नाल्याच्या काठाने दुडक्या चालीने जातो, म्हणून वाटेवरचा कॅमेरा त्याला झुकते माप देतो. चिंकारा गवतात चरत हिंडतो, त्याला वाटेशी देणेघेणे नसते. लांडग्याची चित्रे चांगली यावीत म्हणून वाटेवर कॅमेरा लावायचा आणि मग त्याच कॅमेऱ्यावरून भक्ष्य व भक्षक यांचे गुणोत्तर काढायचे, हा प्रकार हौशी मंडळींत सर्रास दिसतो. एकाच जागी चरत उभे राहिलेले जनावर पन्नास चित्रे देते, म्हणून एकाच जातीच्या दोन चित्रांत अर्ध्या तासाहून कमी अंतर असल्यास ती एकच नोंद धरण्याचा जो प्रघात अभ्यासकांत आहे, तो तरी निदान पाळावा. एक खुलासा इथेच करतो. चिंकारा आणि नीलगाय यांना आपण सरसकट हरणांत धरतो, मात्र ती चितळ-सांबरांप्रमाणे दरवर्षी शिंगे गाळणारी जनावरे नव्हेत. ती गाय-बकरीच्या कुळातली आहेत. उत्तरेकडच्या अभ्यासांत एल्क, मूस आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण या तिथल्या हरीणकुळातल्या जनावरांबद्दल जे लिहिलेले असते ते यांना जसेच्या तसे लावू नये.

उत्तरेतल्या तुलना भक्कम का वाटतात, याचे एक कारण बर्फ आहे. अमेरिकेच्या सुपीरियर सरोवरातील आयल रोयाल बेटावर लांडगा आणि मूस यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे, आणि तिथली गणना मुख्यतः हिवाळ्यात विमानातून, पांढऱ्या जमिनीवर उठून दिसणारी जनावरे पाहून होते. तिथे लांडगे दोनवर आले आणि मूस दोन हजारांच्या आसपास गेले, तेव्हा २०१८ पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. इतके स्पष्ट नाते दिसण्यासाठी बेट, बर्फ आणि दुसरे भक्ष्य फारसे नसणे हे सगळे जुळून यावे लागते. आपल्याकडे बर्फ नाही, पण फेब्रुवारीपासून गाडवाटांवर बोटभर धूळ साचते आणि सकाळी ऊन चढण्याआधी गेल्यास ठसे स्वच्छ वाचता येतात. कॅमेऱ्याने न टिपलेले लांडगे धुळीत सापडले, असे माझ्याकडे अनेकदा झाले आहे. तेव्हा कॅमेरा घेतला म्हणून वाटेकडे बघणे सोडू नये.

लांडगा ओळखणे हेही वाटते तितके सोपे नाही. रात्रीचे कृष्णधवल चित्र, अर्धे अंग चौकटीबाहेर, आणि गावात मोकाट कुत्री भरपूर. लांब पाय, अरुंद छाती, खाली लोंबणारी सरळ शेपूट या खुणा पुस्तकात सुटसुटीत वाटतात, चित्रात मात्र त्यांतली एखादीच दिसते. ज्यांना मी चित्रे दाखवतो ते ठेलारी समाजातले एक वयस्कर मेंढपाळ बाबा माझ्या लांडग्यांपैकी निम्म्यांना क्षणात बाद करतात: ‘हाऊ लांडगा नही, कुत्रा शे.’ विचारले तर ते खुणा सांगत नाहीत, चाल सांगतात, आणि म्हणून आता मी एका ट्रिगरला, म्हणजे सेन्सरने कॅमेरा एकदा जागा केला की, तीन चित्रे घेतो, जेणेकरून चालीचा अंदाज यावा. छायाचित्रे छाटण्यासाठी मिळणारी मोफत प्रणाली, उदाहरणार्थ मेगाडिटेक्टर, रिकामी चित्रे बाजूला काढण्यात आणि प्राणी, माणूस व वाहन वेगळे करण्यात फार उपयोगी आहे; साध्या लॅपटॉपवर ती रात्रभर चालू ठेवावी लागते इतकेच. पण जनावर कोणते हे सांगणे तिचे काम नाही, तिथे बाबांना पर्याय मिळालेला नाही. शंका असलेली चित्रे मी ‘श्वानकुळ, अनिश्चित’ अशा वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि लांडग्यांच्या आकड्यात धरत नाही. आपल्याच राज्यात पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची नोंद झालेली असल्याने हा रकाना रिकामा राहील अशी आशाही नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकाने नव्हे, तर मेंढ्यांनी शिकवली. दख्खनच्या माळावरचा लांडगा मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. दिवाळीनंतर कापणी झालेल्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायला कळप उतरतात, आणि माझ्या नोंदींत लांडग्यांची चित्रे चिंकाऱ्यांच्या मागे नव्हे, तर या वाड्यांच्या, म्हणजे मेंढपाळांच्या कळपासह पडलेल्या मुक्कामांच्या, मागे सरकताना दिसतात; कळप ज्या शिवारात, त्या शिवारातला कॅमेरा बोलका. कळप हलला की तोच कॅमेरा पंधरवडाभर फक्त ससे, कोल्हे आणि नीलगायी दाखवतो. अशा ठिकाणी लांडगा आणि हरीण एवढ्या दोनच रकान्यांची तुलना अपुरीच नव्हे, तर चुकीची ठरते. चित्रांत मेंढ्या आल्या की ती पुसून टाकण्याची पुष्कळांना सवय असते. ती सोडावी, कारण या माळावर भक्ष्याचा मोठा हिस्सा तोच आहे. मेंढपाळाचे नुकसान आणि लांडग्याचे पोट या दोन्ही गोष्टी त्याच चित्रांत असतात. या नोंदी पाहून दोन वाड्यांनी रात्रीच्या राखणीच्या वेळा बदलल्या, आणि आकड्यांपेक्षा हा उपयोग मला मोठा वाटतो.

देखभालीबद्दल थोडक्यात सांगतो. अल्कलाइन सेल रात्रीच्या प्रकाशाचा भार फार काळ सोसत नाहीत. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी शेवटपर्यंत दमदार राहतात आणि वर्षभरात पैसे वसूल करतात. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत लिथियम सेलांना पर्याय नसेल, इथे तो खर्च अनावश्यक आहे. पावसाळ्याच्या शेवटी कुसळी आणि पवन्या गवत कमरेएवढे होते, ऊन लागलेली पाती वाऱ्याने डोलली की सेन्सर दिवसभर पेटत राहतो आणि कार्ड भरून जाते. समोरचे गवत विळ्याने कापावे, पण इतकेच की जनावराला जागा परकी वाटू नये. कुंभारीण माशी सेन्सरच्या खोबणीत मातीचे घर बांधते, कोळी भिंगासमोर जाळे विणतो, आणि रात्रीच्या प्रकाशात ते जाळे चित्रभर पांढरे दिसते. चित्राखाली छापलेले तापमान हे उन्हात तापलेल्या डब्याचे असते, हवेचे नव्हे. ते पाहून हवामानावर भाष्य करू नये. कॅमेरा पूर्व किंवा पश्चिमेकडे तोंड करून लावू नये, उत्तरेकडे लावावा, आणि वाटेला काटकोनात न ठेवता किंचित तिरका ठेवावा, म्हणजे वेगात जाणारा लांडगा चौकटीतून निसटत नाही. अगदी वाटेच्या रेषेतही ठेवू नये, कारण सरळ अंगावर येणारे जनावर सेन्सरच्या पट्ट्या ओलांडत नाही आणि उशिरा टिपले जाते.

पायवाटांवर कॅमेरा लावण्याविषयी माझे मत कठोर आहे. सरपणाला किंवा पाण्याला जाणाऱ्या बायाबापड्या त्यात येतात, आणि त्यांची चित्रे कोणाच्याही लॅपटॉपवर राहण्याचे कारण नाही. माणूस दिसलेले प्रत्येक चित्र मी त्याच दिवशी काढून टाकतो, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत कॅमेरा कशासाठी आहे ते लिहिले आहे. लोखंडी पेटी आणि कुलूप यांच्यापेक्षा या पाटीने चोरी अधिक टळते, असा माझा समज झाला आहे.

नवा कॅमेरा घेणाऱ्याने सिमकार्डाच्या महागड्या कॅमेऱ्याऐवजी त्याच पैशांत दोन साधे कॅमेरे घ्यावेत. डोंगराच्या आडोशाला नेटवर्क तसेही रडतखडत चालते, आणि एक वाटेवर व एक वाटेपासून दूर गवतात अशी जोडी लावल्याशिवाय लांडगा आणि चिंकारा यांच्याविषयी काही बोलताच येत नाही. खरेदीपूर्वी दोन गोष्टी पडताळाव्यात: ट्रिगरला लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आहे का, आणि टाइम-लॅप्स व सेन्सर दोन्ही एकाच दिवसात वेगवेगळ्या वेळांना लावता येतात का. दुसरी सोय माहितीपत्रकात बहुधा छापलेली नसते, दुकानात मेनू उघडूनच पाहावी लागते.