बीएलडीसी पंखे: चौदा महिने, तीन खोल्या आणि अप्पांची वही

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही घरातले तीन जुने पंखे काढून बीएलडीसी (ब्रशलेस डीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "खरंच बिल कमी येतं का हो?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला पंख्याच्या जातीबद्दल बोलायचं आहे, छापाबद्दल नाही.

आधी घराची माहिती. सोलापूर, जुळे सोलापूर भागातलं वर स्लॅब असलेलं बैठं घर. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली आग ओततो आणि त्याच्याखाली पंखा गरम हवाच ढवळत असतो. हॉलमध्ये कूलर आहे, एसी नाही. घरात मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. वय 79, वीज बोर्डातून निवृत्त. 2005 मध्ये बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्याच्या आधीच ते घरी बसले होते. त्यामुळे त्यांच्या तोंडी अजून "बोर्ड"च आहे. हा अनुभव अर्धा माझा, अर्धा त्यांच्या विजेच्या नोंदींच्या वहीचा.

दुकानदाराने "65 टक्के बचत" असं सांगितलं तेव्हा अप्पा हसले. घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, खोक्यावरचं राहू दे. मीटर खोटं बोलत नाही, त्यालाच विचारू." आणि त्यांनी जे केलं ते तुम्हालाही फुकटात करता येईल. वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे. अप्पांनी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, फक्त हॉलचा जुना पंखा पाचवर ठेवला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर स्टुलावर बसले. दहा मिनिटांत 42 लुकलुका. म्हणजे तासाला 252, म्हणजे साधारण 79 वॉट. नवा पंखा लावल्यावर तसंच केलं तर 17. म्हणजे 32 वॉटच्या आसपास. खोक्यावर 28 लिहिलं होतं. "चार वॉटची थाप," अप्पांचा शेरा. पण बचत खरी, हे त्यांनी त्याच दिवशी मान्य केलं. बचत 65 नाही, 60 टक्के.

खरी गंमत कमी वेगावर आहे. अप्पांच्या खोलीत जुना, खोक्यासारखा रेग्युलेटर होता. पंखा दोनवर केला की वेग कमी व्हायचा, पण अडवलेल्या विजेची रेग्युलेटरमध्ये उष्णता व्हायची. हात लावला तर कोमट लागायचा. त्या पंख्याने दोनवरही दहा मिनिटांत 30 लुकलुका घेतल्या, म्हणजे 56 वॉट. नव्याने दोनवर घेतल्या तीन. फक्त तीन! सहा वॉटसुद्धा नाहीत. अप्पा रात्रभर पंखा दोनवर ठेवतात, त्यामुळे सगळ्यात मोठा फरक त्यांच्याच खोलीत पडला, आणि याची त्यांना जरा लाजच वाटली असावी, कारण पंखे बदलायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

असं का होतं, तर जुन्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात स्वतःचं चुंबक नसतं. बाहेरच्या विजेने त्यात प्रवाह निर्माण होतो, त्याचं चुंबक बनतं आणि मग तो फिरतो. या खटाटोपात बरीच वीज तापण्यात जाते. बीएलडीसीमध्ये कायमची चुंबकं बसवलेली असतात. आत एक सर्किट असतं, ते घरात येणाऱ्या एसी विजेचं (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाचं) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करून कोणत्या कॉइलला कधी वीज द्यायची ते ठरवतं. कंडेन्सर नाही, आणि तापणं कमी. तासभर चाललेल्या जुन्या पंख्याच्या मधल्या वाटीला हात लावून बघा, मग नव्याच्या लावा. (पंखा बंद करून!)

आता बिल. पंखे लावायच्या आधीच्या एप्रिलला आमचे 268 युनिट आले होते. पंखे लावल्यावरच्या पहिल्या एप्रिलला 219, आणि यंदाच्या एप्रिलला 226. कूलर तोच, माणसं तीच. अप्पांच्या हिशेबाने महिन्याला 56 युनिट वाचायला हवे होते, वाचले 49 आणि 42. उरलेले गेले कुठे? हे माझं निरीक्षण आहे, अप्पांना ते पटत नाही: आम्हीच बेफिकीर झालो. पूर्वी खोलीतून बाहेर पडताना कुणी पंखा चालू ठेवला तर घरात आरडाओरडा व्हायचा. आता "असू दे, बीएलडीसी आहे" म्हणतात. चिरंजीव तर आंघोळीला जाताना पंखा चालूच ठेवतात, खोली गार राहावी म्हणून. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, हे मी त्याला विज्ञानाच्या पुस्तकातून दाखवलं. काही उपयोग नाही.

पैशांत सांगायचं तर 100 युनिटच्या पुढचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट पडतो आणि आमची बचत सगळी त्या महागड्या युनिटांमधली. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून आम्हाला ते युनिट 12 रुपयांच्या आसपास पडतं. एक गैरसमज इथेच दूर करते, कारण आमच्या गल्लीत यावर वाद झालेत: 100 ओलांडले म्हणजे सगळेच युनिट महाग होत नाहीत. पहिले 100 जुन्याच स्वस्त दराने, फक्त वरचे महाग. आता गल्लीत नवे टीओडी मीटर (टाइम ऑफ डे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदणारे) येऊ लागल्यापासून नवा वाद आहे, दिवसा 9 ते 5 मधल्या वापराला युनिटमागे थोडी सवलत मिळते त्यावरून. पण पंखा काय वेळ बघून लावायची वस्तू आहे?

चौदा महिन्यांत वहीप्रमाणे सुमारे 460 युनिट वाचले. म्हणजे साडेपाच हजार रुपये. खर्च? तीन पंखे प्रत्येकी 2,950, बसवणावळ 250 प्रमाणे, एकूण 9,600. म्हणजे अजून पैसे वसूल झालेले नाहीत. दुकानदार "वर्षात वसूल" म्हणाला होता. तो हिशेब पंखा बारा महिने चोवीस तास चालवणाऱ्यांचा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत फक्त अप्पांचा पंखा असतो, तोही डासांसाठी.

त्यामुळे कुणी विचारलं की मी सांगते: चालता पंखा काढून हा घेऊ नका. आमचे तीनपैकी दोन पंखे धडधाकट होते, ती आमची चूक. पण जळालेला पंखा बदलायचाच असेल तर दुसरं काही बघूही नका. साधा चांगला पंखा 1,700 ला येतो, म्हणजे वरचे द्यायचे 1,250. ते आमच्यासारख्या घरात वर्षभरात निघतात. 2023 पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा घेताना ताऱ्यांबरोबर एक आकडा जरूर बघा: मिनिटाला किती घनमीटर हवा देतो. वॉट कमी आणि हवाही कमी, असा पंखा घेऊन काय उपयोग? आमच्या हॉलच्या पंख्यावर 220 लिहिलंय आणि तो जुन्याइतकीच हवा देतो. बेडरूमचा दुसऱ्या कंपनीचा, दिसायला देखणा, पाती लाकडी रंगाची आणि निमुळती. त्यावर 205 आहे आणि पलंगाच्या कडेला झोपणाऱ्याला तो फरक कळतो. पलंगाच्या कडेला कोण झोपतं हे सांगायला नको.

बिलापेक्षा मोठा फायदा ज्याचा खरेदीच्या वेळी विचारच केला नव्हता, तो इन्व्हर्टरचा. आमची 150 एएचची बॅटरी आहे. पूर्वी तीन पंखे आणि दिवे लावले की चार तासांत ती मान टाकायची. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, झाड तारांवर पडलं आणि रात्री साडेनऊला गेलेली लाईट पहाटे चारला आली. साडेसहा तास तिन्ही पंखे चालले. शिवाय आमचा इन्व्हर्टर जुना, साधा. त्याच्यावर जुने पंखे असे घुमायचे की डोक्यावर भुंगा सोडलाय असं वाटायचं. हे घुमत नाहीत. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं, ट्यूब फडफडायला लागते, पूर्वी पंखाही मेल्यासारखा फिरायचा. नव्या पंख्याचा वेग तसूभर हलत नाही. माझ्यापुरतं तरी या दोन गोष्टींनीच 9,600 वसूल झाले.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

पहिली चूक बसवतानाच झाली. वायरमनने अप्पांच्या खोलीतला जुना रेग्युलेटर तसाच लाईनमध्ये ठेवला. पंखा फिरायचा, थांबायचा, उचकी लागल्यासारखा. अप्पांनी दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडून रेग्युलेटर बाजूला काढला, वायर सरळ जोडली, तेव्हा सुरळीत झालं. या पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, सर्किट खराब होऊ शकतं. हे माहितीपत्रकात लिहिलंय, पण वायरमन माहितीपत्रक वाचत नसतो.

दुसरी गोष्ट रिमोट. भिंतीवरचं बटण सगळ्यांचं होतं. येता-जाता कुणीही वेग बदलायचं. आता ज्याच्या हातात रिमोट त्याच्या मनासारखं वारं. तो सोफ्याच्या फटीत जातो, उशीखाली जातो, एकदा तो वाळत घालायच्या कपड्यांच्या बादलीत सापडला. तिन्ही रिमोट दिसायला सारखे, आणि दोन एकाच कंपनीचे असल्यामुळे हॉलच्या दारात उभं राहून बटण दाबलं की अप्पांचा पंखाही वेग बदलतो. "वारं गेलं का गं?" अशी आतून हाक येते. शेवटी मी रिमोटवर नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके काढले आणि अप्पांचा रिमोट त्यांच्या जपमाळेच्या खुंटीला दोऱ्याने बांधला. दोऱ्यामुळे तो हरवत नाही, पण खुंटी दाराजवळ असल्याने अप्पांना रात्री उठावंच लागतं. म्हणजे भिंतीवरच्या बटणाचंच काम झालं. बटण उघडबंद करूनही वेग बदलतो, असं एका मॉडेलमध्ये आहे. तुमच्या घरात वयस्कर माणूस असेल तर तसंच मॉडेल घ्या. आम्हाला हे नंतर कळलं.

पंख्यावर एक निळा दिवा असतो, वेग दाखवणारा. अंधारात तो डोळ्यांत भरतो. त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. मोबाइलवरून चालवायचा पंखा मुलाला हवा होता, तो प्रस्ताव नवऱ्याने एका वाक्यात फेटाळला: "उठून बटण दाबायचं नाही म्हणून आता वायफायला पैसे?"

आणि आवाज. हा पंखा शांत आहे, सगळे त्याचं कौतुक करतात, पण पहिले पंधरा दिवस अप्पांना झोप लागली नाही. पन्नास वर्षं पंख्याच्या घरघरीत झोपलेला माणूस. शांततेत त्यांना रस्त्यावरची कुत्री ऐकू यायला लागली, शेजारच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही अवेळी. टाकीत पाणी पडलं की माणूस खडबडून उठणारच. आता सवय झाली म्हणतात.

सगळ्यात मोठी तक्रार दुरुस्तीची. जुलैत एका रात्री वीज कडाडली आणि सकाळी हॉलचा पंखा मुका. पाचवाच महिना. जुना पंखा असा बिघडला की अप्पा कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याकडे न्यायचे. कंडेन्सर गेला तर 60-70 रुपयांत काम, वाइंडिंग जळालं तर 500. दुपारी दिलेला पंखा संध्याकाळी पुन्हा छताला. त्याच सवयीने अप्पा हा पंखाही घेऊन गेले. वाइंडिंगवाल्याने वाटी उघडली, आतलं सर्किट बघितलं आणि परत बंद केली. "अप्पा, यात माझं काही नाही." हे सांगताना त्याला वाईट वाटलं असं अप्पा म्हणतात. मला वाटतं वाईट अप्पांनाच वाटलं.

मग कंपनीला फोन, तक्रार क्रमांक, "आमचा माणूस 48 तासांत येईल." तो सतराव्या दिवशी आला. वॉरंटी असल्याने पैसे लागले नाहीत, संपूर्ण सर्किट बदलून दहा मिनिटांत गेला. मी विचारलं, वॉरंटी संपल्यावर केवढ्याला पडेल? म्हणाला, आठशे ते हजार, आणि तेव्हा हे मॉडेल चालू असलं तर. तेव्हापासून पावसाळ्यात ढग गडगडले की अप्पा बटणं बंद करत फिरतात. बिल आणि वॉरंटीची नोंदणी जपून ठेवा. आमच्या पंख्याला दोन वर्षं मिळाली, नोंदणी केल्यावर तिसरं.

ते सतरा दिवस हॉलमध्ये काय लावलं? माळ्यावरून जुना पंखा काढला. अप्पांनी तो जुन्या धोतरात गुंडाळून, बेअरिंगला तेल देऊन ठेवला होता. "भंगारवाल्याला दे" असं मी तीनदा म्हटलं होतं, हे त्यांनी तेव्हा मला ऐकवलं नाही. त्यांचा मोठेपणा.

आता स्वयंपाकघरातला पंखा उरलाय, तो सगळ्यात जुना. चालू केल्यावर आधी जरा विचार करतो आणि मग फिरतो. नवरा म्हणतो तोही बदलून टाकू. अप्पांनी परवा स्टुलावर चढून तो हाताने फिरवून बघितला, आणि मी खाली स्टूल धरून उभी. कंडेन्सर कमजोर झालाय म्हणाले, नवा टाकला तर अजून दोन उन्हाळे जाईल. 70 रुपयांचा कंडेन्सर आणलाय.